सोलर कवेलूची एजन्सी घेण्याआधी आपल्या गावची छपरं बघा



मागच्या महिन्यात ब्रह्मपुरीकडचा एक तरुण मूलला माझ्या दुकानात आला. हातात गुळगुळीत कागदाचं ब्रोशर. त्यावर एक सुंदर बंगला, काळंभोर उतरतं छप्पर, आणि सोलर पॅनल कुठेच दिसत नाही. कारण छप्परच पॅनल आहे. कवेलूसारखे सोलरचे छोटे छोटे तुकडे, एकाला एक लागून बसवलेले. कंपन्या याला सोलर शिंगल किंवा सोलर टाइल म्हणतात. आपण सोपं करू, सोलर कवेलू म्हणू.

"भाऊ, जिल्ह्याची एजन्सी भेटते म्हणते. दीड लाख डिपॉझिट आहे. आईच्या नावची एफडी मोडा लागते. घेऊ का जी?"

मी त्याला लगेच 'नाही' म्हटलं नाही. तीन प्रश्न विचारले. तुझ्या वस्तीत अशी उतरती, मजबूत, पक्की छपरं किती आहेत? एक तुकडा फुटला तर नवा कुठून आणशील? आणि तो येईपर्यंत गिऱ्हाईक कोणाच्या दारात उभं राहील? ब्रोशरमध्ये तिन्हींची उत्तरं नव्हती.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायची गरज नाही. सोलर कवेलू ही वाईट वस्तू नाही. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत आज तिची एजन्सी घेऊ नका, आणि स्वतःच्या घरावर बसवायचा विचार असेल तर तोही बाजूला ठेवा. सोलरमध्ये धंदा नक्की आहे. तो आपल्याच तालुक्यात आहे, आणि त्याला दीड लाख डिपॉझिट लागत नाही.

आधी माझी चूक ऐका

२०१९ मध्ये मी सोलर होम लाइटच्या किटची एजन्सी घेतली होती. एक छोटं पॅनल, एक बॅटरी, तीन बल्ब आणि मोबाईल चार्जिंगची पिन. बीबीए झालेला माणूस, मार्जिन बघितलं आणि भुललो. १ लाख ४० हजारांचा माल उचलला. सिंदेवाही आणि गोंडपिपरीकडच्या गावांत ३१ किट विकले. पहिलं वर्ष मजेत गेलं.

दीड वर्षाने बॅटऱ्या बसायला लागल्या. कंपनीचा नंबर आधी उचलत नव्हते, मग तो बंदच झाला. एक म्हातारी आजी फडक्यात गुंडाळून ते किट एसटीने घेऊन आली. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबू, हे तुयाच दुकानातलं होय ना?"

काय सांगणार? वॉरंटी कार्डावर कंपनीचं नाव होतं, पण आजीला कंपनी माहीत नव्हती. माझं दुकान माहीत होतं. मी १९ बॅटऱ्या पदरच्या पैशाने बदलून दिल्या. जवळपास २१ हजार गेले. त्या दिवसापासून दुकानात एक नियम आहे: जे माझ्या तालुक्यात दुरुस्त होत नाही, ते मी विकत नाही.

हा नियम सोलर कवेलूला लावून बघू.

हे कवेलू मुळात कोणासाठी बनलं?

अमेरिकेत बहुतेक घरांची छपरं उतरती असतात आणि त्यावर डांबराच्या शिंगल्स ठोकलेल्या असतात. वीस-पंचवीस वर्षांनी त्या जुन्या होतात आणि पूर्ण छप्पर नव्याने घालावं लागतं. तो खर्च त्या घरमालकाला तसाही टळत नाही. मग तो विचार करतो, छप्पर घालायचंच आहे तर वीज बनवणारंच घालू. त्याच्या हिशोबात छपराचा खर्च आणि सोलरचा खर्च एकात एक जातो. तिथे हे गणित जमू शकतं.

तरी तिथेही हा धंदा सोपा गेलेला नाही. डाऊ केमिकलसारख्या बलाढ्य कंपनीने २०११ च्या सुमारास सोलर शिंगल बाजारात आणली आणि २०१६ मध्ये बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलॉन मस्कने टेस्लाचं सोलर रूफ दाखवलं आणि जगभर गाजावाजा झाला. पण साध्या पॅनलची जागा ते अजून घेऊ शकलेलं नाही. २०२२ मध्ये जीएएफ एनर्जीने खिळ्याने ठोकता येणारी सोलर शिंगल काढली. ही कंपनी छपराच्या धंद्यातल्याच घराण्यातली. म्हणजे गावोगाव छपरं घालणारे कारागीर ज्यांच्या हाताशी आधीपासून आहेत, ते लोक यात उतरले.

यातून आपण काय शिकायचं? वस्तू वीस-पंचवीस वर्षं टिकेल असं सांगून विकतात, पण ती बनवणारं दुकान पाच वर्षांत बंद होऊ शकतं. कंपनी मोठी होती म्हणून ती हा तोटा पचवून पुढे गेली. आपण पचवू शकतो का?

आता आपली छपरं

बाहेर या आणि वर बघा. आपल्याकडे तीन प्रकारची छपरं आहेत. शहरात आणि तालुक्याच्या गावात स्लॅब. त्याच्या आजूबाजूला टिनाचे पत्रे. आणि खेड्यात अजूनही मातीचे कवेलू, खाली बांबू आणि लाकडी फाटे.

स्लॅबवर कवेलू बसवायचं तर आधी त्यावर उतरतं छप्पर उभं करावं लागेल. म्हणजे जो खर्च घरमालकाच्या डोक्यावर नव्हताच, तो आपण त्याला करायला लावणार. पत्र्याच्या घरावर बसवायचं तर पत्रा काढून पक्का सांगाडा घालावा लागेल. आणि मातीच्या कवेलूच्या घरावर? दरवर्षी पावसाळ्याआधी आपण कवेलू फेरतो. का फेरतो? कारण लाकूड थोडं खचतं, कवेलू सरकतात आणि वर्षभर माकडं उड्या मारून ते फोडतात. ज्या छपरावर लाल तोंडाच्या आणि काळ्या तोंडाच्या दोन्ही माकडांची रोज शाळा भरते, तिथे वायरिंग केलेलं महागडं कवेलू बसवणं म्हणजे आपण होऊन फोन करून संकट बोलावणं आहे.

आता दुरुस्तीचं बघा. ३ किलोवॅटचा साधा सोलर बसवायचा तर ५४० वॅटचे सहा पॅनल पुरतात. एक सोलर कवेलू ५० ते ७० वॅटचं धरलं तर तेवढ्याच विजेला ४५ ते ६० कवेलू लागतील. जेवढे तुकडे, तेवढे वायरचे जोड. आणि सगळे जोड छपराच्या आत दडलेले. पावसाळ्यात एका जोडात पाणी शिरलं तर कोणता जोड ते शोधायला वर कोण चढणार? साधं पॅनल बिघडलं तर चार बोल्ट खोलून नवं बसवता येतं. मूलमध्ये नाही मिळालं तर चंद्रपुरात, तिथे नाही तर नागपुरात दुसऱ्या कंपनीचंही पॅनल मिळतं, आपला कारागीर जुळवून बसवून देतो. एका कंपनीचं कवेलू मात्र दुसऱ्या कंपनीच्या खाच्यात बसत नाही.

आपलं ऊन जरा वेगळं आहे

'चंद्रपूरला एवढं ऊन, मग सोलर जोरात चालणार,' असं सगळ्यांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. सोलरला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. त्याच्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात हवाच ४५-४६ अंशांवर असते, तेव्हा पॅनलमधली सेल सहज ६५ अंशांवर जाते. ४० अंश जास्त, म्हणजे १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली.

साध्या पॅनलखाली मोकळी जागा असते. वारा खेळतो, थोडी उष्णता निघून जाते. शिवाय पॅनलची सावली स्लॅबवर पडते, खालची खोली जरा थंड राहते. ज्यांनी चंद्रपूरचा उन्हाळा स्लॅबच्या खोलीत काढला आहे, त्यांना या सावलीची किंमत वेगळी सांगायला नको. कवेलू मात्र छपराला चिकटून बसतं. खाली हवा कमी, म्हणून ते जास्त तापतं. आणखी १० अंश वाढले तर आणखी तीन-चार टक्के वीज गेली. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी वीज.

बिल घ्या, पेन घ्या

आता हिशोब करू. तुमच्या बिलाचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा.

प्रधानमंत्री सूर्य घर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशभरात १ कोटी घरांचं लक्ष्य आहे. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते.

समजा मूलमधल्या एका शिक्षकाच्या घरी महिन्याला २५० युनिट जळतात. सगळं धरून युनिट ८ रुपयांना पडतं. २ किलोवॅट बसवायला १ लाख ४० हजार लागले. ६० हजार अनुदान गेलं, उरले ८० हजार. पावसाळा आणि धूळ वजा करून वर्षाची सरासरी महिन्याला २०० युनिट धरू. बचत १,६०० रुपये. म्हणजे चार-सव्वाचार वर्षांत पैसे वसूल. हा चांगला सौदा आहे, मी स्वतः गिऱ्हाइकाला 'घ्या' म्हणतो.

आता त्या तरुणाजवळच्या कोटेशनप्रमाणे सोलर कवेलूचा भाव साध्याच्या दुप्पट धरू. २ लाख ८० हजार. अनुदान मिळालं असं गृहीत धरलं तरी २ लाख २० हजार उरतात. बचत तेवढीच, १,६०० रुपये. वसुलीला साडेअकरा वर्षं. अनुदान नाही मिळालं तर साडेचौदा वर्षं. अनुदानासाठी सेल आणि पॅनल भारतात बनलेलं, सरकारच्या मान्यता यादीतलं लागतं आणि बसवणारा योजनेत नोंदणी केलेला लागतो. कवेलू विकायला येणाऱ्याला हे लेखी विचारा. तो विषय बदलतो का तेवढं बघा.

तिसरं घर बघू. धानोरा किंवा कोरचीकडच्या एखाद्या गावातलं, महिन्याला ६० युनिट जळणारं. युनिटमागे ५ रुपये वाचतात असं धरलं तर महिन्याला ३०० रुपये. १ किलोवॅटला ७० हजारांतून ३० हजार अनुदान गेलं, उरले ४० हजार. वसुलीला अकरा वर्षं. अशा घराला कर्ज काढून सोलर विकू नका, साधंसुद्धा. मात्र महिन्याला १०० युनिटच्या आत असणाऱ्यांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. त्यात केंद्राच्या अनुदानावर राज्याचंही अनुदान मिळतं आणि घरमालकाचा हिस्सा बराच खाली येतो. त्या घराला हा रस्ता दाखवा. त्यात तुम्हाला कमिशन नसेल, पण तो माणूस तुमचं नाव चार घरी सांगेल.

एक गोष्ट अजून. 'मोठा सोलर बसवा आणि वीज विकून कमवा' असं कोणी सांगत असेल तर थांबा. नेट मीटरमध्ये जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, आणि वर्षाच्या शेवटी जी उरतात त्यांना मिळणारा भाव कमी असतो. सोलर बिल वाचवायला आहे. आपल्या वापरापेक्षा मोठा बसवला तर पैसा छपरावर अडकतो.

लाइट गेली की सोलर पण जातो

गडचिरोलीच्या मित्रांनो, हे नीट वाचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. झाडं पडतात, तारा तुटतात. अशा वेळी लोकांना वाटतं, घरावर सोलर आहे म्हणजे आपल्याकडे लाइट राहील. राहणार नाही. अनुदानात बसणारा साधा ऑन-ग्रिड सोलर लाइनची वीज गेली की आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली आहे. छप्पर कवेलूचं असो की पॅनलचं, यात फरक पडत नाही. लाइट गेल्यावर वीज पाहिजे असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा.

हे विकण्याआधी सांगा. विकल्यावर सांगितलं तर त्याला बहाणा म्हणतात.

आणि घरावर मोहाची सावली पडत असेल तर सोलरसाठी झाड तोडायचा सल्ला देऊ नका. ते झाड दर उन्हाळ्यात घरात पैसा आणतं. अशा घराला सरळ सांगा, तुमच्याकडे सोलर बसत नाही.

मग धंदा कुठे आहे?

छोटी छोटी कामं आहेत, आणि ती करणारी माणसं कमी आहेत.

पहिलं, कागदं. अर्धी प्रकरणं इथेच अडकतात. मीटर अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर, घरटॅक्स काकांच्या नावावर, बँकेचं खातं तिसऱ्याच्या नावावर. नाव बदलण्यापासून पोर्टलवर अर्ज आणि बँकेच्या कर्जापर्यंत कोणी बसून करून दिलं तर लोक आनंदाने फी देतात. लॅपटॉप, प्रिंटर आणि धीर, एवढंच भांडवल.

दुसरं, छत तपासणी. सावली कुठून येते, स्लॅबला गळती आहे का, पत्र्याचे पाइप किती जाडीचे आहेत, बिल वर्षभर किती येतं. खूप घरांत मागे कवेलू आणि पुढे घरकुलाची स्लॅबची खोली असते. १० बाय १० ची ती खोली १ किलोवॅटला पुरते. हे कंपनीच्या नागपूरच्या माणसाला फोनवर दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

तिसरं, सांगाडा. ज्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यांनी सोलर स्ट्रक्चरचं काम शिकून घ्या. वादळात पॅनल उडतं ते बहुतेक वेळा सांगाडा कच्चा असतो म्हणून.

चौथं, सफाई. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरकडे छतावर बोट फिरवा, काळं होतं. तोच थर पॅनलवर बसतो आणि वीज कमी होते. सकाळी ऊन तापायच्या आधी, मऊ ब्रशने, साध्या पाण्याने धुणं. वर्षाचा करार करा. दोन मुलं, एक मोटरसायकल, एक लांब दांड्याचा ब्रश. हा धंदा दहा हजारांत सुरू होतो.

पाचवं, दुरुस्ती. अर्थिंग, वीज पडण्यापासून संरक्षण, इन्व्हर्टरचे एरर. आपल्याकडे वीज पडण्याचं प्रमाण किती आहे ते सांगायला नको, तरी अर्थिंगमध्येच लोक पैसे वाचवतात. आयटीआय इलेक्ट्रिशियन असाल तर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं ६०० तासांचं सूर्यमित्र प्रशिक्षण आहे, त्याची चौकशी करा. वायरमनचा परवाना नसताना मात्र मीटरच्या कामाला हात लावू नका.

कवेलू कोणी घ्यावं?

एकदम नाही म्हणणंही बरोबर नाही. कोणी नवीन रिसॉर्ट बांधतंय, उतरतं छप्पर घालायचंच आहे, पैसा आहे आणि दिसणं महत्त्वाचं आहे, त्याने जरूर विचार करावा. हैदराबादच्या विसाका इंडस्ट्रीजसारख्या भारतीय कंपनीने पत्र्याच्या जागी बसणारं सोलरचं छतच बाजारात आणलेलं आहे. नवीन गोदाम किंवा शेड बांधणाऱ्याने तोही भाव काढून बघावा. नवीन बांधकामात छपराचा खर्च तसाही होणारच असतो, तिथे गणित वेगळं निघू शकतं. पण असं गिऱ्हाईक वर्षात एखादं येईल. एका गिऱ्हाइकासाठी एजन्सी लागत नाही, एक फोन लागतो.

त्या तरुणाला मी शेवटी एवढंच म्हटलं, "आईची एफडी राहू दे. आधी तुझ्या गल्लीतली दहा बिलं गोळा कर." पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. दहापैकी सहा घरांत सोलर परवडतं, आणि त्या सहापैकी चार घरांत मीटर दुसऱ्याच्या नावावर आहे. चारही घरांनी नाव बदलून द्यायचं काम त्यालाच दिलं. पहिली कमाई २,००० रुपये. ब्रोशरवरचा बंगला यातून बांधता येत नाही, पण त्याची आई निश्चिंत झोपते.

तुम्हीही या रविवारी हेच करा. दहा घरं, दहा बिलं, दहा छपरं. एका वहीत लिहा: छप्पर कशाचं, सावली कुठली, युनिट किती, मीटर कोणाच्या नावावर. ती वही भरल्यावर कोणत्याही एजन्सीचा माणूस समोर बसला तरी तुम्हाला काय विचारायचं ते कळेल.

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत.